पॉलिनेशियाचें अमेरिकन बिऱ्हाड

एखाद्या हॉटेलाच्या खोल्यांना नवा रंग दिला, जुने पलंग काढून नवे मांडले, भिंतीवरचें चित्र बदललें, आणि त्यावरून लोकांनीं पक्ष-प्रतिपक्ष करून वर्षानुवर्षें वाद घालावा, ही गोष्ट प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटण्यासारखी आहे. परंतु ज्या वास्तूचा सारा व्यापारच दुसऱ्या कोणाचें तरी रूप घेण्यावर चालतो, तिच्या बाबतींत रंगरंगोटीचा प्रश्न केवळ रंगाऱ्याचा राहात नाहीं. तो इतिहासाचा होतो. अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत वॉल्ट डिस्ने वर्ल्ड येथें 'पॉलिनेशियन व्हिलेज' नांवाचें जें विलासी हॉटेल आहे, त्याच्या खोल्यांचें २०२१ सालीं नूतनीकरण झालें. त्यावर जीं मतें प्रकट झालीं, त्यांचा विचार आम्ही याच दृष्टीनें करणार आहों.

हें हॉटेल १ ऑक्टोबर १९७१ रोजीं, शेजारच्या मनोरंजन-नगरीबरोबरच उघडलें. त्याच्या पुढ्यांतील सरोवर मनुष्यानें खणलेलें, आणि त्याच्या खोल्या पोलादाच्या कंपनीनें जवळच्या कारखान्यांत आधीं तयार करून, मग यारीनें उचलून जागेवर बसविलेल्या! उंच उतरत्या छपराची मुख्य इमारत, तिच्या आंत धबधबा व झाडी, आणि सभोंवार निरनिराळ्या बेटांचीं नांवें धारण करणारीं लांबट घरें, असा हा थाट होता. प्रवाशाला फ्लोरिडाच्या दलदलींत असतांना ताहितीला असल्याचा भास व्हावा, हा त्यांतील हेतु.

हा भास मात्र ताहितीहून आलेला नव्हता. 'पॉलिनेशिया' हा शब्दच मुळीं त्या बेटांवरचा नव्हे. शार्ल द ब्रॉस या फ्रेंच विद्वानानें १७५६ सालीं तो प्रचारांत आणला. १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील कांहीं उपाहारगृहांनीं वेत, बांबू, लांकडी मूर्ति आणि रमची पेयें यांची सांगड घालून बेटांचें एक सोईस्कर चित्र तयार केलें. दुसऱ्या महायुद्धांत हजारों अमेरिकन सैनिक पॅसिफिक महासागरांत जाऊन परत आले. १९४७ सालीं जेम्स मिचनर यांचें 'टेल्स ऑफ द साउथ पॅसिफिक' प्रसिद्ध झालें, १९४९ सालीं त्यावरून रचलेलें संगीत नाटक रंगभूमीवर आलें, आणि १९५९ सालीं हवाई हें अमेरिकेचें संस्थान बनलें. या साऱ्या लाटेचा फेंस म्हणजे १९७१ चें हें हॉटेल होय. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या ज्या कुट्या आज आपण बेटांची प्राचीन रीत समजतों, त्यासुद्धां १९६७ च्या सुमारास फ्रेंच पॉलिनेशियांत तिघां अमेरिकन हॉटेलवाल्यांनीं काढलेली युक्ति. फ्लोरिडांतील हॉटेलानें २०१५ सालीं त्यांचेंच अनुकरण केलें.

आतां २०२१ च्या खोल्यांकडे वळूं. जुन्या खोल्यांत गडद लांकूड, कोरीव नक्षी आणि झाडाच्या सालीपासून होणाऱ्या 'तापा' वस्त्राची आठवण देणारे नमुने होते. नव्या खोल्यांत सागरी निळा व हिरवा रंग आला, गालिच्याऐवजीं लांकडासारखी जमीन आली, आणि सजावटींत २०१६ च्या 'मोआना' या चित्रपटांतील पात्रें आलीं. अनुकूल पक्षाचें म्हणणें असें कीं, खोली उजळ झाली, स्वच्छता राखणें सोपें झालें, आणि मुलें हरखून गेलीं. प्रतिकूल पक्ष म्हणतो कीं, पूर्वीं एका प्रदेशाचें वातावरण होतें, आतां एका बोलपटाची जाहिरात आहे. २०१४ सालीं आंतला मोठा धबधबा काढला तेव्हांच अस्सलपणा गेला, उरलेला आतां गेला.

या दुसऱ्या पक्षाचा 'अस्सल' हा शब्द आम्हांस मान्य करतां येत नाहीं. जें गेलें तें बेटांचें सत्य नव्हे, तर बेटांविषयींचें एका पिढीचें स्वप्न होय. ज्या स्वप्नांत आपलें बालपण गेलें, तेंच मनुष्याला मूळ वाटूं लागतें. तथापि त्यांच्या तक्रारींत एक खरें बीज आहे. जुनी खोली, कितीहि ठोकळेबाज असली तरी, भिंतीबाहेरच्या कोणत्या तरी जगाकडे बोट दाखवीत होती. नवी खोली बोट दाखविते तें तिच्याच मालकाच्या दुसऱ्या मालाकडे. पाहुणा खोलींतून चित्रपटाकडे, चित्रपटांतून दुकानाकडे आणि दुकानांतून पुन्हां खोलीकडे फिरत राहतो. या फेऱ्यांत बेट कोठेंच लागत नाहीं.

पण दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. या चित्रपटाच्या निर्मात्यांनीं बेटांवरील जाणत्यांचें एक सल्लागार मंडळ नेमलें होतें, आणि कथेचा कणा ठेवला तो नौकानयनाचा. १९४७ सालीं थोर हेयरडाल यानें पेरूहून तराफ्यावर प्रवास करून, दक्षिण अमेरिकेंतून माणसें वाहत येऊन हीं बेटें वसलीं असावीं असें सुचविलें होतें. भाषा व उत्खनन यांचा मुख्य पुरावा मात्र पश्चिमेकडून झालेल्या वसाहतीकडे बोट दाखवितो. १९७६ सालीं मायक्रोनेशियांतील माऊ पियाइलुग या नाविकानें 'होकुलेआ' ही जोडनौका कोणत्याहि यंत्राच्या साहाय्यावांचून, तारे व लाटा यांच्या आधारें हवाईहून ताहितीला नेली, तेव्हां या लोकांचे पूर्वज वाहून गेलेले नव्हते, जाणूनबुजून गेलेले होते, हें जगाला पटूं लागलें. १९७१ च्या कोरीव मूर्तींत या ज्ञानाचा मागमूसहि नव्हता. आणि सल्लागार असूनहि चूक टळत नाहीं, हेंहि दिसलें: २०१६ च्या सप्टेंबरांत गोंदलेल्या तपकिरी कातड्याचा देखावा करणारा 'माउई'चा पोशाख बेटांवरील लोकांच्या निषेधानंतर कंपनीनें विक्रींतून मागें घेतला.

त्या निषेधाला या वादांत फारसें स्थान मिळालें नाहीं, ही आम्हांस सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते. पलंगाची उंची, भिंतीचा रंग, जुना धबधबा यांविषयीं पाहुण्यांनीं हिरिरीनें लिहिलें; ज्यांचें नांव त्या दारावर आहे, त्यांना काय वाटतें हें क्वचितच कोणी विचारलें. भाड्यानें घेतलेल्या वेषाबद्दल वेष घेणारे व प्रेक्षक यांचाच तंटा चालावा, आणि वेषाच्या धन्याला बोलावूंहि नये, असा हा प्रकार आहे. पुढचें नूतनीकरणहि केव्हांतरी होईलच. तेव्हां निळा रंग राहतो कीं जातो याची आम्हांस मोठीशी चिंता नाहीं. भिंतीवर एखाद्या खऱ्या नौकेचें चित्र, आणि तिच्याखालीं ती हांकणाऱ्याचें नांव, एवढें लागलें तर त्या खोलीनें आपल्या पाटीचें थोडेंसें ऋण फेडलें, असें आम्ही म्हणूं.