राउटरची जागा कुणी ठरवली?

नाशिकमधल्या बहुतेक घरांत राउटर शोधायला फार फिरावे लागत नाही. तो दर्शनी खोलीत टीव्हीच्या मागे असतो, नाहीतर गॅलरीच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेला असतो. मुलांचा अभ्यास, घरून चालणारे ऑफिसचे काम, रात्रीची सिरीयल हे सगळे मात्र मागच्या खोलीत होते आणि तिथे रेंज पोचत नाही. मग तक्रार थेट प्लॅनवर जाते. पन्नासचा शंभर केला, शंभरचा दोनशे केला, तरी मागच्या खोलीतले गाडे पुढे सरकत नाही. माझे म्हणणे असे की घरातल्या बिनतारी जाळ्याचे बरेचसे दुखणे बिनतारी नसतेच, ते तारेचे असते. आज रेंजचा प्रश्न म्हणून जो समोर येतो त्याचा निकाल वीस-तीस वर्षांपूर्वीच लागला आहे. वायर घरात कुठून शिरली, ती कुणी आणली आणि कोणत्या हिशेबाने आणली, यावरच तो लागला.

पहिली वायर टेलिफोनची. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सार्वजनिक इंटरनेट सुरू केले, पण ते महानगरांपुरते. नाशिकसारख्या शहरांत कायम चालू राहणारे इंटरनेट घरोघरी जाऊ लागले ते २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर. त्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे ठरवले आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा आली. ती आली फोनच्याच तांब्याच्या जोडीवरून. त्यामुळे मोडेमचा डबा फोनशेजारी बसला. फोन दर्शनी खोलीत होता, कारण तो साऱ्या घराचा आणि अनेकदा शेजाऱ्यांचाही होता. शिवाय लाइनमन खांबावरून वायर आणायचा ती समोरच्या भिंतीतून. घरातल्या कोणत्या कोपऱ्यातून लहरी सगळीकडे पसरतील, हा विचार करायचे तेव्हा कुणाला कारणही नव्हते. डबा एका संगणकाला वायरने जोडायचा आणि तो संगणकही फोनशेजारच्याच टेबलावर असायचा.

त्या काळातली दुरुस्तीची विद्या वेगळीच होती. ‘फोन वाजला की नेट जाते’ ही नेहमीची तक्रार. एकाच जोडीवर आवाज खालच्या कंप्रतेत आणि डेटा वरच्या कंप्रतेत जात असे. दोन्ही वेगळे करायला स्प्लिटर दिलेला असायचा, पण झोपायच्या खोलीत टाकलेला पॅरलल फोन त्या स्प्लिटरच्या आधीच जोडलेला असायचा. घंटा वाजली, रिसीव्हर उचलला की त्या उघड्या फाट्यातून गोंगाट शिरायचा आणि मोडेम पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव करू लागायचा. सेटिंगमध्ये व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे आकडे चुकले तर दिवे लागायचे, नेट मात्र यायचे नाही. पुढे लोकांनी त्या डब्याला बाजारातून आणलेला वायफाय राउटर जोडला, तेव्हा दोघांचाही घरचा पत्ता १९२.१६८.१.१ निघायचा आणि दोघेही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायला बसायचे. दुसऱ्याचा पत्ता बदलणे, किंवा त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून त्याला नुसता स्विच म्हणून वापरणे, एवढाच त्यावरचा उपाय. आजही जुन्या राउटरवर नवा राउटर चढवणाऱ्या घरांत हा घोळ तसाच सापडतो.

दुसरी वायर केबलवाल्याची, आणि माझ्या मते घरांवर तिचा ठसा जास्त खोल आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर देशभर गल्लोगल्ली केबलचे जाळे पसरले, त्यासाठीचा कायदा १९९५ मध्ये झाला. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा खुली झाली, तेव्हा परवान्यांचे तीन वर्ग ठरले: अ वर्ग देशभरासाठी, ब वर्ग टेलिकॉम सर्कलसाठी, आणि क वर्ग दूरध्वनीच्या एका विभागापुरता, म्हणजे साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. या रचनेत स्थानिक माणसाला जागा होती. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली वायर, जिन्यात पेटीत बसवलेला स्विच आणि वर्गणी घ्यायला दारात येणारा ओळखीचा मुलगा, एवढ्या भांडवलावर इंटरनेटही जाऊ शकत होते. ही वायर अर्थातच टीव्हीच्या मागे उतरली आणि राउटर तिथेच राहिला.

तिने सेटिंगमध्येही आपल्या खुणा सोडल्या. अनेक केबलचालक कनेक्शन एका संगणकापुरते मोजत आणि त्या संगणकाच्या जोडणीचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, आपल्याकडे बांधून ठेवत. नवा राउटर लावला की नेट बंद, कारण पलीकडच्या यंत्राला तो अनोळखी. तेव्हा राउटरच्या पानावरचे ‘मॅक क्लोन’चे बटण कामी येई. राउटर जुन्या संगणकाचा पत्ता स्वतःचा म्हणून सांगायचा आणि दार उघडायचे. दुसरी खूण नाव आणि पासवर्ड टाकून जोडणी उघडणाऱ्या पीपीपीओई पद्धतीची. या पद्धतीत डेटाच्या प्रत्येक पाकिटातले आठ बाइट तिच्या जादा हेडरवर खर्च होतात, म्हणून पाकिटाचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, १५०० ऐवजी १४९२ ठेवावा लागतो. तो चुकला की काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, आणि घरचे म्हणतात, ‘नेट चालू आहे पण चालत नाही.’ मे-जूनच्या वळवाच्या पावसात तर गच्चीवरच्या तांब्याच्या वायरीवरून विजेचा झटका यायचा आणि राउटरचे पोर्ट उडायचे. घरातले बिनतारी जाळे अशा वेळी ठणठणीत असे. मेलेली असत ती वायरच्या तोंडाची भोके.

तिसरा हात सरकारचा, आणि त्याचा विचार तक्रारीच्या वेळी कुणीच करत नाही. भारतात बिनतारी यंत्र बाळगणे ही मुळात परवान्याची गोष्ट होती. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांच्या छत्राखाली साध्या रेडिओलाही कित्येक दशके पोस्टातून परवाना काढावा लागे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे ‘डेटावन’च्याच महिन्यात. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागांना तेव्हा फक्त छताखाली मोकळीक मिळाली, मोठा पट्टा खुला व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडले. मधली तेरा वर्षे बहुतेक घरांचे राउटर २.४ च्याच अरुंद गल्लीत गर्दी करून राहिले. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनेल चालतात, पण राउटर १२ किंवा १३ वर गेला आणि घरात अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप असला की त्याला ते नाव दिसतच नाही. दोष ना राउटरचा ना लॅपटॉपचा, दोन देशांच्या नियमांचा आहे.

पासवर्डची सवयही आपोआप लागली नाही. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांआधी पाठवलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायपर्यंत पोचला. त्या घरच्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, जोडणी उघडी होती एवढेच. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवादात्यांना सुरक्षित वायफायविषयी सूचना दिल्या. राउटर लावायला आलेला मुलगा नेमका कोणता पासवर्ड टाकून जातो, हा वेगळा विषय. बहुधा तो मोबाइल नंबरच असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे सगळे कशाला, अडचण भिंतींची आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाडजूड दगडविटांच्या भिंती, सिडकोच्या छोट्या प्लॉटवर एकावर एक चढलेले स्लॅब, गंगापूर रोडच्या नव्या टॉवरमधले काँक्रीट, यांतून लहरी कशा जाणार? खरे आहे. त्यात ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत २.४ पेक्षा लवकर दमतात, म्हणून ‘जलद’ नाव निवडणाऱ्यालाच मागच्या खोलीत कमी मिळते. पण भिंत हलत नाही, डबा हलू शकतो. तो घराच्या मध्यावर न्यायला दहा मीटर वायर आणि एक भोक पुरते. तरी तो हलत नाही, कारण त्याची जागा ही घराची सोय नसून लाइनमनची सोय होती आणि नंतर तीच घराची सवय झाली. भिंतीने फक्त ती चूक उघडी पाडली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे मुंबईतही झाले, कोल्हापुरातही. शिवाय आता फायबर आल्यावर तांब्याचा इतिहास संपला. इतिहास अनेक शहरांचा सारखा आहे हे मान्य, त्यात नाशिकने काही वेगळेपण मिरवावे असे नाही. पण फायबरने तो संपवला, हे पटत नाही. विजेचा झटका गेला, स्प्लिटर गेला, हा मोठाच लाभ. मात्र काचेचा धागा घरात शिरतो तो बहुतेक वेळा केबलच्याच जुन्या भोकातून. तो कोपऱ्यात करकचून वळवता येत नाही, म्हणून डबा उलट भिंतीला अधिकच चिकटतो. मागे सोफा सरकला, धागा दुमडला की लाल लाईट लागते आणि मग बंद करून चालू करण्याचा काही उपयोग नसतो. शिवाय हा नवा डबा कित्येकदा कंपनी दुरून सांभाळते, आणि त्याची निम्मी पाने घरमालकाला उघडत नाहीत. केबलवाल्याच्या काळात सेटिंग निदान गल्लीतल्या माणसाच्या हातात होते.

म्हणून दुरुस्तीचा क्रमही वायरकडूनच सुरू व्हावा. आधी राउटरला लॅपटॉप थेट वायरने जोडून वेग पाहायचा. तिथेच कमी असेल तर घरात शोधण्यासारखे काही नाही, सेवादात्याला फोन करायचा. तिथे वेग पुरा आणि मागच्या खोलीत अपुरा असेल तर चॅनेल, पट्टा आणि सर्वांत शेवटी प्लॅन. यातली कोणतीही पायरी डबा हलवण्याइतका फरक पाडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार दर्जा देण्याचे नियम काढले. ते ऐच्छिक आहेत. नाशिकच्या बिल्डरांनी ते मनावर घेतले तर नकाशातला इंटरनेटचा पॉइंट टीव्हीमागून निघून घराच्या मधल्या पॅसेजच्या छताला जाईल, आणि त्याला लागणारा पाइप स्लॅब भरण्याआधीच टाकता येईल.