कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व : दोन टक्क्यांच्या पलीकडे

उद्योगाने ज्या समाजातून नफा मिळवला, त्याच्यासाठी काही करावे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती कारखान्याबरोबर गाव उभे करण्यासाठीच. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला, तेव्हा देशात तसा कायदा नव्हता. गंमत अशी, की आजच्या नियमांत केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च 'सीएसआर' म्हणून धरलाच जात नाही.

आजची व्यवस्था कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ वर उभी आहे. ती १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. आदल्या वर्षी नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. ती कशावर करता येते, हे सातव्या अनुसूचीत दिले आहे. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, वारसा जतन असे विषय त्यात आहेत. राजकीय पक्षाला दिलेली देणगी मात्र चालत नाही.

प्रारंभी खर्च न झाल्यास अहवालात कारण दिले की भागत असे. २०२१ पासून ही पळवाट बंद झाली. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे स्वतंत्र बँक खात्यात ठेवून तीन वर्षांत संपवावे लागतात; अन्य शिल्लक सहा महिन्यांत सरकारी निधीत जाते.

तथापि कायदा मोजतो तो खर्च. नफा कसा मिळवला हे तो विचारत नाही. नाल्यात सांडपाणी सोडणारा कारखाना शाळेला संगणक देऊन आपले दोन टक्के बिनदिक्कत पूर्ण करू शकतो. प्रदूषणाचा जाब विचारायचा तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने. शिवाय कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. साहजिकच जिथे कारखाने, तिथे निधी. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांना तो मुद्दाम वळवावा लागतो.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न 'सेबी'ने केला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, कचरा आणि कामगारांची सुरक्षितता यांची आकडेवारी वार्षिक अहवालात द्यावी लागते.