गाजलेले व्हिडिओ स्वतःच का काढले? विज्ञान समजावणाऱ्या 'कुर्त्सगेझाक्ट'च्या चुकांची गोष्ट

मार्च २०१९ मध्ये 'कुर्त्सगेझाक्ट' या यूट्यूब चॅनेलवर एक वेगळाच व्हिडिओ आला. विषय कृष्णविवरांचा नव्हता, मुंग्यांचाही नव्हता. 'कुर्त्सगेझाक्टच्या व्हिडिओंवर विश्वास ठेवता येईल का?' असा थेट प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. आपलेच दोन गाजलेले व्हिडिओ काढून टाकत असल्याचं चॅनेलने त्यात जाहीर केलं.

रंगीबेरंगी ॲनिमेशन आणि गोलमटोल पक्ष्यांमुळे अनेकांना हे चॅनेल ओळखीचं असेल. जर्मनीतल्या म्युनिक शहरातून चालणारं हे काम फिलिप डेट्मर यांनी २०१३ मध्ये सुरू केलं. या जर्मन नावाचा अर्थ 'थोडक्यात सांगायचं तर'. गोची नेमकी इथेच झाली.

उंदरांची बाग आणि व्यसन

काढलेल्या दोनपैकी एक व्हिडिओ व्यसनाबद्दल होता. २०१५ मध्ये आलेला हा व्हिडिओ मुख्यतः ब्रिटिश लेखक योहान हारी यांच्या मांडणीवर उभा होता. त्यात 'रॅट पार्क' हा प्रसिद्ध प्रयोग होता. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो केला होता. एकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फिन मिसळलेलं पाणी जास्त प्यायचे; सोबती, खेळणी आणि मोकळी जागा मिळालेले उंदीर कमी प्यायचे. व्हिडिओतून निघणारा निष्कर्ष असा, की व्यसनाचं मूळ पदार्थापेक्षा एकटेपणात आहे.

प्रयोग खरा आहे. पण इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला नाही. शिवाय व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा असतो, पदार्थ मेंदूत जे बदल घडवतो त्याचा असतो आणि परिस्थितीचाही असतो. व्हिडिओने यातली एकच बाजू उचलली आणि तीच संपूर्ण उत्तर असल्यासारखी सांगितली.

ही बारीकसारीक चूक नव्हे. घरात कुणी दारू किंवा ड्रग्जच्या आहारी गेलेलं असेल आणि असा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला, तर 'आपलीच माया कमी पडली' असा अर्थ आई-वडील सहज काढू शकतात. औषधोपचारांची काय गरज, असंही कुणाला वाटू शकतं. म्हणूनच 'ढोबळमानाने बरोबर आहे की' हा बचाव इथे चालत नाही.

दुसरा व्हिडिओ युरोपातल्या निर्वासितांच्या प्रश्नावर होता. तोही २०१५चाच. तापलेल्या राजकीय विषयावर भावनेच्या भरात आणि पुरेशा अभ्यासाशिवाय तो केला गेला, असं चॅनेलचं स्वतःचंच मत झालं.

मग दुरुस्त का नाही केला?

लेखात चूक सापडली तर ओळ बदलता येते, खाली दुरुस्तीची टीप टाकता येते. यूट्यूबवर मात्र त्याच लिंकवर जुना व्हिडिओ काढून सुधारलेला ठेवता येत नाही. नवा टाकला की व्ह्यूज, कमेंट्स, शेअर झालेल्या लिंक सगळं मागे राहतं. डिस्क्रिप्शनमध्ये खुलासा लिहिता येतो, पण तो उघडून वाचणारे किती? २०२२ मध्ये यूट्यूबने दुरुस्तीची सोय आणली. ठरावीक सेकंदाला पडद्याच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं कार्ड दिसतं. व्हिडिओ डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर फिरवला की ते कार्डही गेलं.

व्हिडिओ काढून टाकणं हाही पूर्ण उपाय नाही. कॉप्या फिरत राहतात आणि २०१५ मध्ये ज्याने तो पाहिला, त्याला 'ते चुकलं होतं' असं कळवायला कुणी जात नाही. तरीही कुर्त्सगेझाक्टने गुपचूप डिलीट न करता कारणांसकट सांगितलं, हे महत्त्वाचं. अर्थात त्यावरही वाद झालाच. आपण टीकेचा व्हिडिओ करणार आहोत हे कळल्यावर चॅनेलने घाईने कबुली देऊन टाकली, असा आरोप एका यूट्यूबरने केला. डेट्मर यांना त्यावर जाहीर खुलासा करावा लागला.

'व्हेरिटॅसियम'च्या डेरेक मुलर यांनी दुसरी वाट निवडली. लाखो किलोमीटर लांबीच्या तारा असलेल्या सर्किटमध्ये स्विच दाबल्यावर, बॅटरीपासून एक मीटरवर असलेला दिवा किती वेळात लागेल, असं कोडं त्यांनी २०२१ मध्ये घातलं होतं. उत्तर जवळजवळ 'तत्काळ' असं होतं आणि त्यावरून इंजिनिअर मंडळी तुटून पडली. सुरुवातीला दिव्यात अगदी थोडाच प्रवाह पोहोचतो, ही गोष्ट पहिल्या व्हिडिओत नीट आली नव्हती. मुलर यांनी २०२२ मध्ये प्रत्यक्ष प्रयोगासह दुसरा व्हिडिओ केला. पहिला तसाच ठेवला. त्यामुळे मूळ दावा, आक्षेप आणि उत्तर हे सगळं आजही सलग पाहता येतं. शिकणाऱ्यासाठी ही पद्धत जास्त उपयोगाची.

'खान अकॅडमी'चं उदाहरण त्याहून जुनं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या दोन प्राध्यापकांनी त्यांच्या ऋण संख्यांच्या गुणाकाराच्या धड्यातल्या त्रुटी एका विनोदी व्हिडिओतून दाखवल्या. अकॅडमीने तो धडा काढून नवा टाकला.

प्रेक्षकाला काय तपासता येईल?

कुर्त्सगेझाक्ट आता संहिता तज्ज्ञांकडून तपासून घेतं आणि संदर्भांची यादी व्हिडिओखालच्या लिंकमध्ये देतं. कुठलाही विज्ञानाचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी अशी यादी आहे का, हे बघायला अर्धा मिनिट लागतो. यादीत एकच पुस्तक किंवा एकच प्रयोग असेल, तर व्यसनाच्या व्हिडिओचं काय झालं ते आठवावं. तारीखही पाहावी. आणि क्लिप नुसतीच आली असेल, तर मूळ चॅनेलवर तो व्हिडिओ अजून आहे का, हे आधी शोधावं.