कान्हेरीची पोढी : एका उद्यानातील पाण्याचा इतिहास

इब्रीच्या पूर्वेस बात हे प्राचीन स्थळ आहे. अल्-खुत्म आणि अल्-ऐन या दोन स्थळांसह त्याला १९८८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. सुट्टीच्या दिवशी आपली मुले तेथील साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी कबरी कुतूहलाने पाहतात. आम्हाला मात्र तेथील गोल बुरूज अधिक बोलके वाटतात, कारण त्यांपैकी काहींच्या पोटात विहीर आहे. पुढे याच भूमीत फलज या कालव्यांची परंपरा रुजली. आजही ओमानात सुमारे तीन हजार फलज वाहते आहेत आणि त्यांतील पाच २००६ साली जागतिक वारसा ठरले. शेतीसाठी फलजचे पाणी वेळेच्या हिश्शांनी वाटले जाते. पण वस्तीत शिरताना प्रवाहाचे पहिले ठिकाण पिण्याच्या पाण्यासाठी राखलेले असते आणि ते सर्वांना मोकळे असते.

पाण्याच्या या वाटपाकडे आपण नुसत्या प्रवाशाच्या नजरेने पाहू शकत नाही. पाणी कोणी साठवले, कोणाला दिले आणि कोणाला नाकारले, हा आपल्या इतिहासाचा गाभा आहे. म्हणूनच फलजच्या काठी उभे असताना आम्हाला मुंबईतील कान्हेरीची आठवण होते.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे शंभर चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहे. चहूबाजूंनी महानगराने वेढलेल्या या अरण्यात बिबट्या आहे, वारल्यांचे पाडे आहेत आणि मुंबईला पाणी देणारे दोन जुने तलावही आहेत. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला, तर तुळशी १८७९ साली. मात्र या डोंगरात पावसाचे पाणी अडवण्याची विद्या ब्रिटिश अभियंत्यांच्या कितीतरी शतके आधी सिद्ध झाली होती. उद्यानाच्या अंतर्भागात, काळ्या बेसाल्टच्या टेकडीवर, शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. प्राचीन लेखांतील कण्हगिरी, म्हणजे काळा डोंगर, हे नावच पुढे कान्हेरी झाले. सुमारे हजार वर्षे येथे भिक्खुसंघाचा वावर होता.

कोकणात पाऊस चार महिने कोसळतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. शेकडो माणसांना टेकडीवर वर्षभर राहायचे, तर पावसाचा थेंब अन् थेंब राखणे भाग होते. त्यासाठी खडकाच्या उतारावर पन्हळी खोदण्यात आल्या. त्यांतून वाहत येणारे पाणी लेण्यांच्या दाराशी कोरलेल्या टाक्यांत उतरे. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे असल्याने उन्हाने पाणी कमी आटे. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आम्ही ज्याला व्यवस्थेची रचना म्हणतो, तिचा हा दगडात कोरलेला नमुना आहे. प्रत्येक लेण्याची सोय स्वतंत्र, तरी सारी टेकडी मिळून एक पाणलोट.

ही टाकी कोणी दिली, हे भिंतीवरील ब्राह्मी लेख सांगतात. त्यांच्या प्राकृतात टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. एक पाण्याची पोढी कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दान केली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. सोपारा, चेऊल, नाशिक येथील दाते आहेत. भिक्खुणी आणि उपासिकाही आहेत. सोनार आणि लोहार यांची ओळख लेखात गाव आणि कसब एवढ्याच शब्दांत दिलेली आहे. घण घालणाऱ्या हातांनी दिलेली वाट संघाने स्वीकारली आणि त्या हातांचे नाव खडकावर राहिले. त्या काळच्या समाजात विषमता नव्हती, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. परंतु संघाच्या दारी श्रमिकाचे दान आणि श्रमिकाचे नाव दोन्ही सन्मानाने नोंदले गेले, एवढे निश्चित.

कल्याण, सोपारा आणि चेऊल ही बंदरे होती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात अरबस्तानच्या किनाऱ्याबरोबर त्यांचाही उल्लेख येतो. ज्या समुद्रमार्गाने आज आपण परदेशी आलो, त्याच मार्गावरील व्यापारातून कान्हेरीला दाते लाभले. दूरचे पाहुणेही येथे येत. नव्वदाव्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लेख असून त्यांत पारशी यात्रेकरूंनी आपली नावे नोंदली आहेत. एकोणिसाव्या शतकात येथील लेखांच्या नकला काढणारा ई. डब्ल्यू. वेस्ट हा पेशाने अभियंता होता; पुढे तो पहलवीचा मोठा विद्वान झाला.

ज्या भूमीत सोनाराची पोढी संघाला मिळाली, त्याच भूमीत पुढे सार्वजनिक तळ्यावर माणसाला बंदी झाली. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला. तरी चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्षात ओठांना लागण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या ओंजळीचा न्यायालयीन निवाडा उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. कान्हेरी आणि महाड यांना जोडून पाहिले, की ध्यानात येते : बाबासाहेबांनी महाडला मागितलेला हक्क या मातीला परका नव्हता. तिच्यातच रुजलेला आणि नंतर बुजवला गेलेला एक झरा त्यांनी पुन्हा मोकळा केला.

येथे एक विवेक पाळायला हवा. कान्हेरीच्या भिक्खूंचे किंवा दात्यांचे आपण रक्ताचे वंशज आहोत, असे सिद्ध करण्यास पुरावा लागतो, आणि त्याची आपल्याला गरजही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, तो वंशाधाराने नव्हे तर विचारपूर्वक. कान्हेरी आपली आहे ती त्या निवडीमुळे. निवडलेला वारसा जन्माने मिळालेल्या वारशापेक्षा अधिक जबाबदारी मागतो, कारण तो अभ्यासाविना टिकत नाही.

सुट्टीत मायदेशी गेल्यावर आपण दादरला चैत्यभूमीवर जातोच. एक दिवस बोरिवलीसाठीही ठेवावा. पुष्कळ लोक तेथे सहलीचा डबा घेऊन जातात आणि तिसऱ्या लेण्यातील उंच बुद्धमूर्तींसमोर छायाचित्र काढून परततात. आपण मुलांना थोडे वर, टेकडीच्या माथ्यापर्यंत न्यावे. पन्हळीतून बोट फिरवून पाणी कोठून कोठे जाते, ते त्यांनाच शोधू द्यावे. मग एखाद्या टाक्याच्या काठी बसून सामिदत सोनाराची आणि नंद लोहाराची नावे त्यांना सांगावीत, आणि त्यानंतर महाडची गोष्ट सांगावी. इब्रीला परतल्यावर फलजचे वाहते पाणी पाहून ती मुले आपणहून विचारतील : हे कोणी खोदले, आणि हे कोणाकोणाला पिता येते? तो प्रश्न त्यांच्या ओठी आला, म्हणजे वारसा पुढे गेला असे समजावे.

नमो बुद्धाय! जय भीम!