चार बहिणी

मंडळी, ओंटारिओत राहणाऱ्या माणसाला विजेचे बिल मागा, तो ‘हायड्रोचे बिल’ म्हणून पुढे करील. कॅनडाच्या त्या प्रांतात वीज म्हणजे हायड्रो, म्हणजे पाण्याची. १९०६ साली तिथे सरकारी वीजमंडळ निघाले ते नायगाराची वीज गावोगाव पोचवायला, आणि सर ॲडम बेक हा त्यामागचा खटपट्या माणूस. पण याच ‘हायड्रो’वाल्यांनी पुढे केवढी मोठी कोळशाची भट्टी पेटवली होती, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. मिसिसागात आमचा बराच गोतावळा आहे, त्यांच्यासाठी खास हा लेख.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने वाढले, घरे वाढली. नायगारा काही वाढत नव्हता! मग टोरांटोच्या पश्चिमेला लेकव्ह्यू इथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. ते ओंटारिओ सरोवराच्या काठीच का? मी भूगोल शिकवायचे, त्यामुळे असले प्रश्न सुटत नाहीत. टर्बाइन फिरवून आलेली वाफ थंड करायला अखंड पाणी लागते, आणि अमेरिकेतला कोळसा थेट जहाजाने दारात येतो. एका सरोवरात दोन्ही सोयी.

जून १९६२ मध्ये प्रांताचे पंतप्रधान जॉन रॉबार्ट्स यांनी उद्घाटन केले. त्या दशकाच्या अखेरीस ३०० मेगावॅटचे ८ संच, म्हणजे एकूण २४०० मेगावॅट. त्या काळच्या जगातल्या मोठ्या केंद्रांत त्याची गणना होई. सुमारे १५० मीटर उंचीची चार धुराडी होती, त्यांना लोक ‘चार बहिणी’ म्हणत. सरोवरातले नावाडी त्यांच्यावरून किनारा ओळखत.

पण धुराडे उंच केल्याने धूर नाहीसा होत नाही, फक्त दूरच्या माणसाच्या वाट्याला जातो. गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायू, पारा, बारीक राख. उन्हाळ्यात शहरावर धुरकट हवा साचे. २००१ साली पर्यावरणमंत्री एलिझाबेथ विटमर यांनी आदेश काढला, की एप्रिल २००५ नंतर लेकव्ह्यूत कोळसा जाळायचा नाही. २००३ मध्ये सरकार बदलले, पण नव्या पक्षाने आधीच्यांचा निर्णय फिरवला नाही. उलट प्रांतातली सगळीच कोळसाकेंद्रे २००७ पर्यंत बंद करू असे वचन दिले. ३० एप्रिल २००५ ला लेकव्ह्यू थंड झाले. बाकीच्यांची मुदत मात्र लांबत गेली. ईरी सरोवराकाठचे प्रचंड नँटिकोक २०१३ अखेर आणि थंडर बे एप्रिल २०१४ मध्ये बंद झाले. २००५ साली ओंटारिओत धुरक्याचे ५३ दिवस जाहीर झाले होते, २०१४ साली एकही नाही. सगळे श्रेय या बंदीला देता येत नाही, कारण मोटारींचा धूर होता आणि अमेरिकेतूनही वाहून येणारा होता. तरी फरक लहान नव्हे.

१२ जून २००६ च्या सकाळी सुरुंग लावून चारही बहिणी पाडल्या. पुढच्या वर्षी मुख्य इमारतही गेली. त्या जागी गॅसवरचे वीजकेंद्र आणायचा बेत होता, पण आसपासच्या रहिवाशांनी तो होऊ दिला नाही. त्यांच्यात जिम टोवी पुढे होते. आता तिथे हजारो घरांची वसाहत होते आहे, आणि शेजारी पाण्यात भर घालून केलेल्या पाणथळ उद्यानाला टोवींचे नाव दिले आहे.

या केंद्राला खलनायक ठरवणे सोपे आहे. माझे मत वेगळे आहे. ४३ वर्षे त्याने घराघरांत दिवे लावले, कडाक्याच्या थंडीत साथ दिली, आणि कितीतरी घरांची चूल तिथल्या नोकरीवर पेटली. त्याच वेळी शेजारची माणसे ती हवा श्वासात घेत होती. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही सांगायला हवे. कोळशाच्या जागी जी वीज आली तीही बिनखर्चाची नाही. अणुवीज मागे कचरा ठेवते, गॅसही जळतोच. बटण दाबताना त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न धुराड्यांबरोबर जमीनदोस्त झालेला नाही.

असो. मिसिसागाकर भाच्यांनो, त्या किनाऱ्यावर फिरायला जाल तेव्हा मुलांना या चार बहिणींची गोष्ट जरूर सांगा, धुरासकट आणि उजेडासकट.