नीरा खोऱ्यातील खारपड जमिनींची चौकशी : माती व भूजल यांच्या प्रदूषणाच्या इतिहासातील एक अध्याय

प्रस्तावना

जमिनीवर दिसणाऱ्या हानीचे कारण पुष्कळदा जमिनीखाली आणि हानीच्या जागेपासून दूर असते. जमिनीत पुरलेली इंधनाची टाकी हे त्याचे परिचित उदाहरण होय. गळकी टाकी उकरून काढली तरी मातीत मुरलेले इंधन तेथेच राहते. त्याचा काही भाग भूजलावर तरंगतो, तर बेंझिनसारखी द्रव्ये पाण्यात विरघळून प्रवाहाच्या दिशेने सरकतात. म्हणून खड्ड्याच्या तळाची व बाजूंची माती तपासावी लागते, तसेच विहिरींद्वारे भूजलाची पातळी व दिशा निश्चित करावी लागते. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने आणि १९८८ च्या नियमांनी अशा चौकशीला निश्चित स्वरूप दिले. तथापि माती, भूजल व उतार यांचा एकत्रित विचार करून हानीचा उगम शोधण्याचा प्रयत्न याहून जुना आहे. बारामती व इंदापूर तालुक्यांच्या इतिहासात त्याचा महत्त्वाचा दाखला आढळतो.

कालवा आणि त्याचे परिणाम

भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यान वसलेला इंदापूर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. वरकुटे बुद्रुक व वरकुटे खुर्द ही गावे याच तालुक्यातील. १८७६-७७ च्या दुष्काळाने या भागाची दैना केली. त्यानंतर १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस आला. परंतु दोन-अडीच दशकांतच सखल शेतांत पांढरा थर दिसू लागला. विहिरींचे पाणी वर आले, काही ठिकाणी ते मचूळ झाले. शेतकऱ्यांनी अशा जमिनींना चिबड, खारपड व चोपण अशी नावे दिली. या नावांतच पाणथळपणा, क्षारांचा साठा आणि मातीची बिघडलेली घडण हे तीन भेद सूचित होतात.

चौकशीचा प्रारंभ

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारपड जमिनींचा अभ्यास केला. तो १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. १९१६ मध्ये इलाखा सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी विशेष विभाग स्थापन केला. क्लॉड इंग्लिस यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या या विभागातूनच पुढे खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आकारास आले.

हानीची प्रक्रिया

दख्खनच्या पठारावर वरती काळी चिकण माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण कातळ अशी रचना सामान्यतः आढळते. कालव्यातून पाझरलेले व उसाला दिलेले जादा पाणी मुरमात उतरते आणि कातळावरून उताराच्या दिशेने वाहते. जेथे त्याला वाट मिळत नाही तेथे ते वर चढते. पृष्ठभागाजवळ आलेल्या पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. येथे क्षार बाहेरून सांडलेले नव्हते. ते मुख्यतः माती व खडकातलेच होते. पाण्याने त्यांना गती दिली, एवढेच. त्यामुळे उपायही वरवरचा असून भागणारा नव्हता. मुरमापर्यंत पोहोचणारे खोल चर काढल्याविना निचरा होत नाही. चोपण जमिनीत तर निचऱ्याबरोबर जिप्समही लागते.

जबाबदारीचा प्रश्न

इंधनटाकीच्या प्रकरणात टाकीचा मालक सहसा निश्चित करता येतो. नीरा खोऱ्यात मात्र तिघांचा संबंध होता : पाणी विकणारे सरकार, ते घेणारा वरच्या अंगाचा बागायतदार आणि स्वतः बेताने पाणी वापरूनही जमीन गमावणारा खालच्या अंगाचा शेतकरी. दोष केवळ शेतकऱ्याच्या अतिसिंचनाला दिला तर कालव्याचा पाझर नजरेआड होतो. केवळ कालव्याला दिला तर पीकपद्धतीचा प्रश्न बाजूला पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्याच्या संदर्भात मांडलेली ‘ब्लॉक’ पद्धत या दृष्टीने लक्षणीय ठरते. ठरावीक क्षेत्रात पिकांची पाळी लावून उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवणे आणि पाणी अधिक गावांत वाटणे, हे तिचे सूत्र होते. परंतु उसाचे आकर्षण टिकून राहिले. १९३० च्या दशकात वालचंदनगर येथे साखर कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांनी ते अधिक दृढ केले.

निष्कर्ष

टाकी उकरून काढता येते, कालवा काढता येत नाही आणि काढणे इष्टही नाही. दुष्काळी मुलखाला त्यानेच जगवले आहे. म्हणून येथे चौकशी एकदाच करून संपत नाही. विहिरींची पातळी, पाण्यातील क्षार आणि चरांची स्थिती यांची नोंद अखंड ठेवावी लागते. २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. मॅन व ताम्हाणे यांच्या अभ्यासानंतर शतकभराने याच खोऱ्यात अशा संशोधनाची गरज भासावी, यातच या प्रश्नाचे चिवटपण दिसून येते. हानी सोसणारा आणि हानीला कारण होणारा यांची शेते वेगळी असतात. जमिनीखालील पाण्याचा मार्ग शोधल्याखेरीज त्यांच्यात न्याय करता येत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.