जागा सोडणे : एका क्रियापदाचा मुंबईतील इतिहास

भाड्याच्या घरात राहत असताना स्वतःचे घर घेतले, नव्या घराची किल्ली हाती आली, पण भाडेकराराचे पाच महिने अजून शिल्लक आहेत, असा प्रसंग अलीकडे आमच्यावर आला. करारात 'लॉक-इन'चे कलम होते आणि त्याआधारे घरमालक उरलेल्या महिन्यांचे भाडे अनामत रकमेतून वळते करून घेऊ पाहत होते. बँकेचा हप्ता सुरू झालेला, त्यात हे भाडे. शेवटी नवे भाडेकरू आम्हीच शोधून दिले आणि दीड महिन्याच्या भाड्यावर तडजोड झाली. प्रसंग तसा किरकोळ. परंतु ही बोलणी चालू असताना गिरगावातल्या चाळीत आयुष्य काढलेल्या आमच्या एका वृद्ध आप्तांनी विचारले, "घर घेतलंत ते उत्तम झालं, पण जागा सोडता कशाला?" त्या क्षणी आम्हाला उत्तर सुचले नाही. हा प्रश्न मुंबईच्या एका वेगळ्या कालखंडातून आला होता, आणि त्या कालखंडाचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनीही करावा असे आम्हाला वाटते.

'सोडणे' ही कृती आपल्या भाषेला जुन्या काळापासून परिचित आहे. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत शेतकरी जमीन सोडताना 'राजीनामा' लिहून देई आणि नवा खातेदार 'कबुलायत' देई. 'बिऱ्हाड' हा शब्दही कन्नड 'बिडार'शी, म्हणजे मुक्कामाच्या जागेशी, नाते सांगतो. मुक्काम हलायचाच असतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने शहरी भाडेकरारालाही असेच सुटसुटीत रूप दिले. वेगळा करार नसेल तर महिन्याचे भाडे पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपे आणि हा अधिकार दोन्ही पक्षांना सारखाच होता. ठरावीक मुदतीचा पट्टा असेल तर मात्र मुदतीआधी सुटण्यासाठी मालकाची संमती लागे. थोडक्यात, उरलेल्या काळावर कोणा एकाचीच मालकी नव्हती.

हा समतोल युद्धांनी मोडला. पहिल्या महायुद्धात मुंबईतील भाडी भडकली, तेव्हा १९१८च्या कायद्याने ती १ जानेवारी १९१६च्या पातळीशी बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे 'प्रमाण भाडे' मानले. भाडेकरू प्रमाण भाडे देत राहिला तर कायद्यात नमूद केलेल्या कारणांवाचून त्याला बाहेर काढता येईना. त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ लागला. कायदा तात्पुरता होता, पण मुदतवाढी मिळत तो अर्धशतकाहून अधिक काळ जगला.

याचा परिणाम असा झाला की जागा सोडणे म्हणजे एक मौल्यवान हक्क हातचा घालवणे ठरले. मग तो हक्क फुकट का घालवावा? त्यातून 'पागडी' रुजली. १९४७च्या कायद्याने मालकाला आणि भाडेकरूला, दोघांनाही अशी रक्कम घेण्यास मनाई केली होती. तरी व्यवहार रोखीने चालत राहिला. 'मी जागा सोडली' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा 'मी जागा विकली' असा होऊ लागला.

आमच्या आप्तांच्या प्रश्नाचे मूळ याच कायद्याच्या तेराव्या कलमात सापडते. ज्या कारणांसाठी मालकाला जागा परत मागता येई, त्यांत एक कारण असे होते : भाडेकरूने स्वतःसाठी योग्य निवासस्थान बांधले असेल, त्याचा रिकामा ताबा मिळवला असेल किंवा त्याला ते वाटपात मिळाले असेल. घर घेणारा आपण होऊन जागा सोडणार नाही, हे कायदे करणाऱ्यांनी जणू गृहीतच धरले होते! १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा, उपनगरांतील सहकारी गृहरचना संस्था, १९७७मध्ये स्थापन झालेली एचडीएफसी यांच्यामुळे मध्यमवर्गाला 'ओनरशिप'चे घर आवाक्यात दिसू लागले, तसे या कलमाचे महत्त्व वाढले. 'योग्य' म्हणजे काय, घर पत्नीच्या नावावर असेल तर ते भाडेकरूचे मानावे काय, असे प्रश्न न्यायालयांपुढे आले. डोंबिवलीला घर आणि गिरगावात खोली, असे दुहेरी संसार मुंबईकरांनी पाहिले आहेत. खोलीला कुलूप, पण भाडेपावती चालू.

याची किंमतही कोणीतरी मोजत होतेच. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना, इमारती कोसळू लागल्या, आणि १९६९मध्ये शासनाला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. शहरात नव्याने येणाऱ्याला भाड्याची खोली मिळणे दुरापास्त झाले, कारण आत असलेला बाहेर पडत नव्हता.

मालकांनी मग 'लीव्ह अँड लायसन्स'चा आडमार्ग शोधला. त्यात राहणारा भाडेकरू नसतोच. त्याला केवळ वापराची परवानगी असते. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांना कायदा दुरुस्त करून भाडेकरूचे संरक्षण दिले गेले, तेव्हा मालक आणखी धास्तावले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि चित्र पालटले. त्याने पागडीला उघड मान्यता दिली. त्याचबरोबर परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यावर दुप्पट भरपाईचा भार टाकला. आता मालक निर्धास्त झाला, आणि मुदतीआधी निघणाऱ्याला अडवण्यासाठी 'लॉक-इन' आले. त्यावरही मर्यादा आहे : १८७२च्या करार कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलम ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मान्य करते. परंतु दोन-चार महिन्यांच्या भाड्यासाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार?

पैशाची दिशा कशी उलटली ते पाहावे. पूर्वी जागा सोडणाऱ्याला पैसे मिळत. आता जागा सोडण्यासाठी त्याला द्यावे लागतात. उरलेला काळ एकेकाळी भाडेकरूची मालमत्ता होता. आज तो त्याच्यावरचे कर्ज आहे.

साहित्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. 'बटाट्याची चाळ' १९५८मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली बिऱ्हाडे, आणि एकूण आपल्या चाळसाहित्यातली माणसे, एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात, भांडतात, लग्नामुंजीत एकत्र येतात. या शेजाराचे श्रेय आपण संस्कृतीला देतो, आणि ते गैर नाही. परंतु तो शेजार मुरायला लागणारा काळ काही अंशी एका भाडे कायद्याने पुरवला होता, हे आपण शिकवताना क्वचितच सांगतो. ज्यांना त्या चाळीत शिरकावच मिळाला नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या शहराविषयीही मग बोलावे लागेल.

आमच्या जुन्या घरी तीन वर्षे काढूनही समोरच्या बिऱ्हाडाचे आडनाव आम्हाला दारावरच्या पाटीवरूनच ठाऊक होते. निघताना निरोप घ्यावा असे एकच दार होते, रखवालदाराच्या खोलीचे. आप्तांना आम्ही आता उत्तर देऊ शकतो : मामा, जागा आमची नव्हतीच, आम्ही सोडली ती फक्त मुदत, आणि तीही विकत घेऊन.